खाणीतलं गाऱ्हाणं

"शिट्टी सोमा मारतो. पण तिथं व्हय कोण म्हणतंय?"

जोयड्याच्या बसस्टँडवर चहावाल्यानं शेजारच्या माणसाला विचारलं, आणि मी ओल्या केसांवर ओढणी घेतली. जुन्या खाणीच्या पाण्यात रोज सकाळी सोमामामांबरोबर मीच असते. आम्ही दोघंच.

सोमामामा आमचे शेजारी. फौजेत असताना बॅकस्ट्रोकच्या, म्हणजे पाठीवर पोहायच्या, शर्यती जिंकायचे. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण वेड उतरलेलं नाही. "पोहतं कुणीबी," ते म्हणतात, "शिट्टीसरशी सुटणं शिकाय लागतं." लग्नाच्या पंगतीतसुद्धा हिरवी मिरची मागं वाकवून पाठीची कमान समजावतात. मिरची मोडली की म्हणतात, "ही तू."

खाणीच्या काठाला त्यांनी बांबू बांधलाय. तो धरायचा, पायांचे तळवे दगडाला टेकवायचे, अंग आखडून घ्यायचं. पाठीमागं काळं पाणी. मामा मात्र लगेच शिट्टी मारत नाहीत. आधी देवाला गाऱ्हाणं घालतात.

"बा राखणदारा, पोरीची कंबर वर राहू दे. पाण्यात हात घुसतील त्याच भोकातनं पाय घुसू देत. बेळगावच्या पोरींना शिट्टी उशिरा ऐकू येऊ दे."

गाऱ्हाण्याला कुणीतरी 'व्हय महाराजा' म्हणावं लागतं. नाहीतर ते पोचत नाही. मला लाज वाटायची. इंग्रजी शाळेत मी हजेरीलाही नुसता हात वर करायचे. मी गप्प राहायचे, आणि पलीकडच्या काठावरून बारीक आवाज यायचा, "व्हय महाराजा." मग शिट्टी.

आधी वाटलं, प्रतिध्वनी. पण ते शब्द अलीकडच्या काठावर कुणी उच्चारलेच नव्हते.

माझी सुरुवात बिघडली ती त्यामुळं. सुटताना डोकं मागं टाकायचं असतं. टाकलं की पलीकडचा काठ उलटा दिसतो. मला तो बघायचा नव्हता. हनुवटी छातीशी धरून मी फाडकन पाठीवर आपटायचे. बेळगावला कॉलेजची निवड चाचणी तोंडावर आली होती.

"काठ बघ, पोरी," मामा रोज म्हणायचे. "काठ दिसला म्हंजे जमलं."

शेवटी एकदा बघितला. व्हय आलं, शिट्टी वाजली, मी डोकं मागं फेकलं. उलटं जंगल, उलटं आभाळ, एक सपाट दगड. दगडावर कुणी नव्हतं. आवाज न करता मी पाण्यात शिरले आणि पोहत तिथवर गेले. सगळा काठ दवानं भिजला होता. तो दगड तेवढा कोरडा होता. आणि कोमट.

परत आले तेव्हा मामा काठावर ओणवे झाले होते. उडीबद्दल त्यांनी विचारलंच नाही.

"पारू दिसली काय?"

पारूमामी जाऊन दोन पावसाळे झाले. त्या दगडावर कपडे धुता धुता त्या नवऱ्याच्या गाऱ्हाण्याला व्हय म्हणायच्या. आईनं सांगितलं होतं; मीच ते आठवायचं टाळत होते.

"दगड तेवढा कोमट होता," मी म्हणाले. त्यातनंच ते समजले.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं झालं. पलीकडून काहीच आलं नाही. धनेश पक्षी पंखांचा आवाज करत खाणीवरून गेला, मग तोही थांबला. मामा शिट्टी ओठांशी धरून, कान तिकडं लावून उभे.

"रुसली वाटतं," ते हळूच म्हणाले. "तिला कुणी निरखून बघितलेलं आवडायचं न्हाई."

आणि शिट्टी खाली घेतली.

बांबूवर माझी बोटं बधिर झाली होती. मी घसा साफ केला.

"व्हय महाराजा."