रिकाम्या जागेचं माप

आमच्या दूध संघाच्या सातारा ऑफिसातल्या कॉम्प्युटरसारखा कॉम्प्युटर साऱ्या जिल्ह्यात नव्हता! हे मी छातीवर हात मारून सांगायचो. चालवत मीच होतो ना!

१९९६ साली संघानं ठरवलं, सातारा आणि सांगलीचं काम एकाच मशीनवर घ्यायचं. ज्याची डंपची जागा मोठी, ते मशीन राहणार. मशीन कोसळलं, तर त्या वेळी त्याच्या डोक्यात असेल ते सगळं ओतायला राखून ठेवलेली रिकामी जागा म्हणजे ही डंपची जागा. कशानं कोसळलं ते मग त्यातून कळतं.

मला हे लगेच समजलं. आमच्या घरात तसा हंडा होता! माझी बायको बयाबाई कवठे महांकाळची, टँकरच्या पाण्यावर वाढलेली. साताऱ्यात नळ असूनही एक हंडा कायम रिकामा ठेवायची. मी हसलो की म्हणायची, "आवं, टँकर कवा यील सांगता येतंय व्हय? भरल्याली भांडी घिऊन पळाल का?" लय शहाणी बाई. तिला जाऊन वर्ष झालं होतं. हंडा तसाच होता. सांगलीचं मशीन राहिलं, तर ते घर सोडून तिकडं जावं लागणार, हे माझ्या जिवावर आलं होतं.

कराडच्या मॅनेजरांना, नानासोंना, मी ऐटीत फोन केला. "चार हजार शहाण्णव!"

"आरं, सांगली त्र्याऐंशी लाख म्हणतीया! तुझं मशीन हाय का काड्याची पेटी?"

मी फोन ठेवला, तेवढ्यात सांगलीचं मशीन सांभाळणाऱ्या आम्रपालीबाईंचा फोन. "केरबादादा, नानासोंनी तुमचा आकडा सांगितला. तुमचं मशीन पानांत मोजतं, माझं बाइटांत. एका पानात चार हजारांवर बाइट बसतात. तुमची जागा माझ्या दुप्पट हाय."

स्वतःचं मशीन जाणार, तरी खरं सांगितलं! केवढं मोठं मन! मी ताबडतोब आमचा आकडा बाइटांत करून नानासोंना कळवला. आणि त्या भल्या बाईनं, माझी सोय म्हणून, आपला आकडा पानांत करून कळवला!

नानासो जीप घेऊन साताऱ्यात हजर. "काल चार हजार, आज दीड कोटीच्या वर! आन सांगलीत उरलं दोन हजार! फोनवरनं वढून घेतलीस का रं जागा?"

मी घरी पळालो. हंडा, तांब्या आणि वाटी आणून टेबलावर मांडली. "सायेब, हंडा त्योच. तांब्यानं मोजला तर थोडं, वाटीनं मोजला तर लय!"

नानासो हंड्यात बघत राहिले. "ही अक्कल कुणाची?"

"मंडळींची."

"वाटलंच! मशीन साताऱ्याचंच ऱ्हाईल."

मी हात जोडले.

"चालवायला आम्रपालीबाई हितं येतील. तू सांगलीला दुधाच्या मापावर जा. आकड्याम्होरं लिटर लिवायची सवय लागंल!"

घराला कुलूप लावलं आणि हंडा घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, हंड्यात काय हाय?"

"जागा."

त्यानं लगेजचं तिकीट फाडलं!