पबमधला ‘युअर मॅन’

निहारिकाचा बेत साधा होता. मार्चमध्ये लेकीला भेटायला आयर्लंडमधल्या सँट्रीला आलेले आणि कोरोनात विमानं बंद झाल्यामुळे ऑगस्टपर्यंत तिथेच अडकून पडलेले तिचे बाबा, नंदकुमार, रविवारी नागपूरला परतणार होते. तिथे तिच्यासाठी स्थळं हेरून ठेवलेली होती. त्याआधी तिने मनात पक्का केलेला तनय बाबांच्या नजरेत भरायला हवा होता, तोही योगायोगाने. बाबांना दोनशे वर्षं जुना पब बघायचा होता; दारूला शिवायचं नाही, इतिहास तेवढा बघायचा. तनय तिथे अचानक भेटणार, वाकून नमस्कार करणार, आणि बाबा म्हणणार, पोरगा संस्कारी दिसतो.

पण त्या वर्षी पबमध्ये योगायोगाला परवानगी नव्हती. आधी बुकिंग करा, ताटभर जेवण मागवा, जागचे हलू नका आणि वेळ संपली की निघा. तनयला लांब दाराजवळ बसवलं होतं. बिचारा नमस्काराला उठला की बारमन त्याला बोटानेच खाली बसवायचा.

मेन्यूत ‘व्हेज पाय’ वाचून बाबांनी आधी पाय कोणाचा याची चौकशी केली आणि खात्री पटल्यावर तो मागवला. तो शेवटचाच होता. त्यामुळे ‘शुद्ध शाकाहारी मुलगा’ म्हणून ज्याची ओळख करून द्यायची होती, त्या तनयच्या पुढ्यात मटणाचा स्ट्यू आला.

बाबा मात्र रमले. काळवंडलेलं छत, जुने आरसे, सगळ्याविषयी ते शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला खोदून खोदून विचारत होते, आणि तनयकडे त्यांची पाठ होती. म्हातारा उठून गेला तरी बाबा काही वळेनात. इकडे वेळ संपत आली होती आणि निहारिकाचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात बारमन एक टोपी घेऊन आला. “युअर मॅन विसरला वाटतं,” असं काहीतरी आपल्या इंग्रजीत म्हणत त्याने दाराकडे, नेमकी तनय बसला होता तिकडे, मान उडवली.

“कोन?” बाबांनी विचारलं.

युअर मॅन म्हणजे इथे नुसता ‘तो अमका’, हे निहारिकाला चार वर्षांत पाठ झालं होतं. पण बाबांना ते काय ठाऊक? त्यांनी ‘तुझा माणूस’ असंच ऐकलं असणार. तिचा धीर सुटला.

“बाबा, तो तनय. मी सांगणारच होते तुम्हाला. लग्न करीन तर त्याच्याशीच.”

बाबांनी काटा खाली ठेवला.

“अगं, तुझ्या घराशेजारचा शेमस तं पोस्टमनलाही युअर मॅनच म्हनते. पाच महिने तेच ऐकून राहिलो मी. टोपी कोनाची, एवढंच विचारलं होतं.”

निहारिकाला धरणी दुभंगावी असं झालं. बाबांनी सावकाश खुर्ची वळवली. तनयने तोंडात घास असतानाच दोन्ही हात जोडले. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग बारमनला विचारलं, त्या मुलाला या टेबलावर बसवता येईल का?

बारमनने नियम सांगितला. टेबल बदलता येत नाही, घरातलं माणूस असेल तरच. “इज ही फॅमिली?”

बाबांनी लेकीकडे पाहिलं. मग त्या स्ट्यूकडे पाहिलं. आणि एक सुस्कारा सोडून म्हणाले, “नॉट येट.”