देवरे अण्णांचा पाहुणा

देवरे अण्णा स्वतःच्या घरात शिरण्याआधी स्वतःच्याच दारावरची बेल दाबतात. किल्ली खिशात असते. घरात दुसरं कुणी नसतं. तरी भाजीची पिशवी खाली ठेवायची, बेल दाबायची, कान दाराला लावायचा, मान हलवायची आणि मग कुलूप काढायचं. आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच मला हळूच विचारतो, "सेक्रेटरी, तुमच्या समोरचे काका ठीक आहेत ना?"

ठीक आहेत. मी एकदा त्यांनाच विचारलं होतं. म्हणाले, "भाऊसाहेब, बेल चालू की बंद, ते बाहेर उभं राहूनच कळतं. आत बसलेल्याला वाटत राहतं, कुणी आलंच नाही."

"बाहेरून बघितलं का?" हे त्यांचं पालुपद. आमच्या हिने नवे पडदे लावले, तर अण्णा तिला घेऊन थेट रस्त्यावर गेले, तिथून खिडकी कशी दिसते ते दाखवायला. द्वारका चौकात एकदा, रिक्षाचा मागचा दिवा लागतो का हे बघायला ते खाली उतरले. रिक्षावाला दिवा लावून निघून गेला. अण्णा चालत घरी आले आणि म्हणाले, "दिवा लागत होता."

अण्णा मूळचे देवळ्याचे, लाईट बोर्डातून निवृत्त झालेले. मुलगी वैशू नोकरीला लागल्यावर तिने घरी कॉम्प्युटर घेतला. पुढे लग्न होऊन ती ऑस्ट्रेलियाला गेली, कॉम्प्युटर इथेच राहिला. त्याला अण्णांचा नियम एकच: वैशूने ठेवलंय तसं राहू द्यायचं. पडद्यावरची चित्रंसुद्धा तिने लावली होती तशीच, तिरपी. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचा, पण आत काही हलवायचं नाही.

पंचाईत अशी झाली, की अण्णांनी क्लास लावला आणि त्यांना प्रोग्रॅमिंगचा नाद लागला. मग त्यांनी कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर केला. ही गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. तसा एक प्रोग्रॅम मिळतो. तो टाकला, की यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र चालतं, त्याची मेमरी वेगळी, पत्ता वेगळा. तेवढा एक प्रोग्रॅम टाकू का, हे विचारायला त्यांनी ऑस्ट्रेलियाला फोन केला. "अण्णा, एवढ्यासाठी फोन?" असं वैशू म्हणाली, हे त्यांनी मला फार आनंदाने सांगितलं. बाहेरचा कॉम्प्युटर तो यजमान, आतला तो पाहुणा. "पाहुण्याने यजमानाच्या सामानाला हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले.

याच पाहुण्यात त्यांनी सोसायटीसाठी पाण्याचं पान, म्हणजे वेबपेज, तयार केलं. आमच्याकडे टाकीचा व्हॉल्व्ह आज ए विंगने उघडायचा की बी विंगने, यावरून रोज जिन्यात भांडण. आज पाळी कुणाची ते त्या पानावर दिसणार होतं, आणि वायर टाकून खाली ऑफिसातही दिसणार होतं. रविवारच्या सभेत दाखवतो, असं मी सेक्रेटरी म्हणून सांगून बसलो. "पाणी आता कॉम्प्युटरातून येणार वाटतं!" निकमवहिनी म्हणाल्या आणि सगळे हसले.

शनिवारी दुपारी अण्णांनी मला बोलावलं. चेहरा उतरलेला. पान पाहुण्याच्या आत झकास उघडत होतं, पण त्याच टेबलावर, यजमानाकडून मागितलं की नाही. ऑफिसची गोष्ट तर लांबच. कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काका, आत-बाहेर कशाला करता? सगळं फॉरमॅट करू, थेट टाकू. तासाभराचं काम आहे."

मला ते पटलं. उद्या सभा होती. मी म्हटलं, "अण्णा, तिचे फोटोबिटो आधी काढून ठेवू की."

"फोटो नाहीत हो त्यात," अण्णा पडद्याकडे बघत म्हणाले. "तिने ठेवलंय तसं आहे, एवढंच."

मी खुर्ची ओढली. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही. हिशेब जुळेना, की एकेक ओळ तपासायची, एवढं कळतं.

"यजमानाची हाक पाहुण्यापर्यंत पोचते का?"

अण्णांनी तशी आज्ञा दिली. चार हाका मारल्या, चारही वेळा उत्तर आलं.

"म्हणजे रस्ता ठीक आहे. आता पान मागा."

मागितलं. 'नाकारलं' असं तत्क्षणी आलं.

"अण्णा, घरात कुणी नसलं तर आपण बेल दाबून थांबतो. हा तर थांबूसुद्धा देत नाही. दारापर्यंत पोचतोय आपण. आत तुमचं पान ऐकतंय कुठे, ते बघा."

अण्णांनी पाहुणा उघडला. तिथे आकडा होता एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.

"हा कुणाचा पत्ता?"

"हा म्हणजे... स्वतःचाच. आतल्या आत."

"लिहिला कुणी?"

"मीच," अण्णा ओशाळले. "पाहुण्याला दार उघडायला पाठवतात का कुठे? म्हटलं, बाहेरच्यांचा त्रास नको त्याला."

"अण्णा," मी म्हटलं, "बाहेरून बघितलं का?"

ते इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी तो आकडा खोडून चार शून्यं लिहिली. माझ्या जिवाला ते बरं वाटेना. चार शून्यांची बेरीज ती काय! "चार शून्यं म्हणजे कुठल्याही बाजूने हाक मारा, ओ देतो," अण्णा म्हणाले. पान बंद करून पुन्हा चालू केलं. वैशूच्या तिरप्या चित्रांवर खिडकी उघडली: आज बी विंग.

"चांगलं शे," अण्णा म्हणाले. देवळ्याची बोली त्यांच्या तोंडी जीव भांड्यात पडला, की मगच येते. माझाही पडला होता. सभेत निकमवहिनींनी त्या पानाचा प्रिंट मागितला, यातच सगळं आलं.

पण सांगायचंय ते त्या शनिवारचंच. घरी आलो आणि लक्षात आलं, माझा चष्मा अण्णांकडेच राहिला. परत गेलो तर दार लागलेलं. एरवी आम्ही सगळे जिन्यातूनच हाक मारतो. दूधवालाही पिशवी कडीला अडकवून जातो. त्या दिवशी कोण जाणे का, मी बेल दाबली.

बराच वेळ दार उघडलं नाही. मग अण्णा आले. माझा चष्मा त्यांच्या हातातच होता, पण तो द्यायचं राहिलं.

"भाऊसाहेब, एकदा परत दाबता? मी आत बसतो."

ते आत जाऊन खुर्चीवर बसले. मी दाबली.

"आतून केवढी मोठी वाजते हो," ते आतून म्हणाले. "वैशू तर बेलवरचं बोटच काढायची नाही."

तेव्हापासून संध्याकाळी त्यांच्याकडे जाताना मी हाक मारत नाही, बेल दाबतो. अण्णा आत असतात, हे मला माहीत असतं. दार लगेच उघडत नाही. मी थांबतो.