साडेतेवीस इंच घेराचं डोकं

खोटं बोलायला अक्कल लागते आणि ती माझ्याकडे आहे, हे मी अगदी नम्रपणे सांगतो! लोक खोटं फार सजवतात, म्हणून फसतात. माझी पद्धत साधी. एकच लहानसं खोटं बोलायचं आणि पुढे जमेल तितकं खरं बोलत सुटायचं. कुणाच्या बापाला संशय येत नाही.

याच पद्धतीनं मी विग आणायला निघालो होतो. स्वतःसाठी.

थोडी ओळख देतो. मी जमीनमोजणीच्या खात्यात आहे. वय सत्तेचाळीस. डोक्यावर केस इतकेच, की रोज सकाळी त्यांची नावानिशी हजेरी घेता येईल. आणि मला बायकांचे कपडे घालायला आवडतात. रोज नाही, रस्त्यावर नाही. घरी, रविवारी दुपारी, पडदे ओढून. एक निळा पायघोळ ड्रेस आहे, मीच शिवलेला. तो अंगात घातला, की आठवडाभर हद्दीवरून भांडणाऱ्या लोकांच्या मधोमध टेप धरून उभा असलेला माणूस कुठंतरी निघून जातो आणि त्याच्या जागी एक निवांत बाई चहा पीत बसते. हे असं का, ते मला सांगता येत नाही. मलाच त्याचं कुतूहल आहे.

आमच्या हिला हे ठाऊक आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी सांगून टाकलं. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "म्हणजे माझ्या काळ्या सँडल तुम्ही ताणल्यात!"

तेव्हापासून माझ्या सँडल वेगळ्या आहेत. बाकी संसार एकत्र.

तर सगळं होतं, फक्त केस नव्हते. डोक्याला रुमाल बांधून पाहिला. ही म्हणाली, "दाढ दुखणारी बाई दिसता." खेळण्यांच्या दुकानातून नायलॉनचा विग आणला. तो डोक्यावर चढवला, की केस आडवे होऊन भिंतीकडे ओढ घ्यायचे. "हा मी भांडी घासायला घेऊ का?" असं हिनं विचारलं आणि घेतलाही. चांगले विग मी काचेआडून पाहिले होते. त्यांच्या किमती वाचून होते नव्हते ते केसही उभे राहिले.

शेवटी माझ्या न्हाव्यानंच पत्ता दिला. माझ्या डोक्यावर त्याला काम उरलेलं नाही, पण आमचं बोलणं चालू आहे. शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं एक दुकान होतं, त्याच्या माडीवर एक बाई स्वतः विग बांधतात आणि परवडेल असा देतात म्हणे.

अडचण एकच होती. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांच्या घराला रंग लागत होता. सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सरळ कणा, सरळ नजर आणि कमरेखाली रुळणारी, मनगटाएवढी जाड, रुपेरी वेणी. निळ्या ड्रेसबद्दल त्यांना काहीही माहीत नव्हतं. त्या आल्या त्या दिवशीच मी तो ट्रंकेच्या तळाशी नकाशांच्या खाली पुरला होता.

माडीवरच्या त्या खोलीत शिरलो आणि मी येण्याचं कारणच विसरलो! फळीवर ओळीनं लाकडी डोकी. भिंतीला लांबीप्रमाणे टांगलेल्या केसांच्या जुड्या. खिडकीपाशी विगवाल्या बाई बारीक आकड्यानं जाळीत एकेक केस ओवून गाठ मारत होत्या.

"एका विगात किती गाठी असतात हो?" मी विचारलं.

"मोजायला बसले तर विग कधी व्हायचा? कोणासाठी हवाय?"

आता माझं ते लहानसं खोटं!

"बायकोसाठी," मी म्हणालो.

बाईंचा हात थांबला. चेहरा एकदम मऊ झाला. "केस जाऊन किती दिवस झाले?"

पद्धतीप्रमाणे मी खऱ्यावर आलो. "पंधरा वर्षं."

"पंधरा वर्षं! काही इलाज?"

"सगळी तेलं झाली. कांद्याचा रससुद्धा झाला."

"बिचारी. फार मनाला लावून घेते का हो?"

"सुरुवातीला घ्यायची. आता आरशात बघून हसते," मी म्हणालो आणि मलाच गहिवरून आलं.

"डोक्याचं माप आणलंय?"

माप हा माझा धंदाच. मी खिशातून कागद काढला. "घेर साडेतेवीस इंच. कपाळापासून मानेपर्यंत पंधरा. कानापासून कानापर्यंत साडेतेरा."

बाईंनी चष्मा वर केला. "मोठं आहे डोकं."

"हुशार आहे ती."

बाईंनी मान डोलावली, उठून एक कपाट उघडलं आणि खांद्यापर्यंत येणारा, काळाभोर, कपाळावर झुलपं असलेला विग बाहेर काढला. खऱ्या केसांचा! "जरा तुमचं डोकं द्या. तुमचंही तेवढंच दिसतंय. बघू कुठं सैल करावा लागतो."

त्यांनी तो माझ्या डोक्यावर चढवला. काय सांगू! केसांना वजन असतं हो. मान वळवली, की ते क्षणभरानं मागून येतात. कानामागे गुदगुल्या होतात. मी डावीकडे वळलो. उजवीकडे वळलो. पुन्हा डावीकडे वळलो. 'बायका दिवसभर हे असं घेऊन वावरतात आणि कुणाला बोलत नाहीत?' असं मनात आलं.

"झालं माप," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "अहो, झालं. काढा आता."

"परवडेल ना मला?" मी दबकत विचारलं.

"या कपाटातले विकायचे नसतात. आजारातून बऱ्या झालेल्या बायका परत आणून देतात, पुढच्या आजारी बाईसाठी. फक्त सैल करण्याची मजुरी द्या."

इथं मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ते केस अजून कानामागे गुदगुल्या करत होते. मी तोंड मिटलं आणि घरचा फोन नंबर लिहून दिला. मोबाईलचा दिला नाही, कारण ऑफिसात माझा मोबाईल माझ्यापेक्षा इतरच जास्त उचलतात.

जिना उतरताना माझी मान मात्र हलकी नव्हती.

दोन दिवसांनी घरी वेगळंच सुरू झालं. संध्याकाळी आलो तर सासूबाई हिला खुर्चीवरून उठू देत नव्हत्या. पाणी हातात, पाठीला उशी. ही जरा वाकली, की "अगं, जपून!" हिनं केसांतून कंगवा फिरवला, तर सासूबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. मग पाठीमागून हळूच आल्या आणि त्यांनी हिचे केस धरून जोरात ओढले!

"आई गं!" ही किंचाळली.

"काय घट्ट बसवलाय!" सासूबाई स्वतःशीच पुटपुटल्या.

"अहो, आईला काहीतरी झालंय," ही स्वयंपाकघरात माझ्या कानाशी लागली. मला तर काहीच उमगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला गॅलरीत गाठलं. आवाज अगदी खाली. "जावईबापू, मला सगळं कळलंय."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. ट्रंक उघडली वाटतं!

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं. किती वर्षं चाललंय हे?"

"लग्नाच्या आधीपासून," मी मान खाली घालून म्हणालो.

"आधीपासून!" त्यांनी कठडा धरला. "आणि मला आईला पत्ता नाही! तुम्ही मात्र सांभाळून घेतलंत."

"मी कसला, तिनंच सांभाळून घेतलं."

सासूबाईंचे डोळे भरून आले. "मनानं मोठे आहात. लाज वाटण्यासारखं यात काही नाही, हे लक्षात ठेवा."

हे शब्द ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो, आणि ते बोलल्या चक्क सासूबाई! "आई, तुम्ही समजून घेतलंत, मला अजून काही नको."

"नुसतं समजून काय होतंय? मी काहीतरी करणार आहे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी तरंगत हिच्याकडे गेलो. "आईंना सगळं माहीत आहे! आणि त्यांना चालतंय!"

"खरंच?" हिनं डोळे मोठे केले. "मग माझे केस का ओढले?"

आम्ही दोघं त्यावर विचार करत होतो, तोवर बाहेरचं दार वाजलं. सासूबाई पिशवी घेऊन गेल्यासुद्धा. अर्ध्या तासानं फोन वाजला.

"मी विगवाली बोलतेय. काल निरोप दिला होता, विग तयार आहे म्हणून. तुमच्या सासूबाईंनी घेतला होता फोन."

"सासूबाईंनी?"

"हो. मीच त्यांना धीर दिला आणि म्हटलं, लेकीपाशी विषय काढू नका, तिला वाईट वाटेल. पण आता त्या इथं येऊन बसल्यात. लेकीसाठी स्वतःची वेणी द्यायची म्हणतात. मी नको नको म्हणतेय, तर मलाच गप्प बस म्हणाल्या. तुम्ही लवकर या!"

गॅलरीतलं सगळं बोलणं माझ्या डोक्यात उलट्या बाजूनं उलगडलं. मी धावत सुटलो. मागून ही धावत होती आणि धावता धावता विचारत होती, "म्हणजे मी आजारी आहे? मला काय झालंय?" मी दमत दमत सांगत होतो. निम्म्या रस्त्यात तिनं मला एक धपाटा घातला आणि पुन्हा धावायला लागली.

जिना चढून आत गेलो. सासूबाई आरशासमोर ताठ बसल्या होत्या. मानेवर केस आखूड झाले होते आणि दोन्ही टोकांना गाठ मारलेली वेणी मांडीवर पडली होती.

"आई!" हिनं हंबरडा फोडला.

"रडू नकोस. तू बरी हो, केस काय परत येतात."

"अगं, मला काहीही झालेलं नाही! हे माझेच केस आहेत. ओढून बघितलेस ना!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. विगवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फळीवरची लाकडी डोकीसुद्धा माझ्याकडेच पाहत आहेत असं वाटलं. खोटं बोलायला अक्कल लागते, पण त्या क्षणी ती मला सोडून गेली होती.

"विग माझ्यासाठी आहे," मी म्हणालो. "मला कधीमधी बायकांचे कपडे घालून बसायला आवडतं. घरी. पंधरा वर्षांपूर्वी केस गेले ते माझे. मी खोटं बोललो."

खाली कुणीतरी मशीन चालवून पाहत होतं.

"म्हणजे ही ठणठणीत आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"ठणठणीत!"

त्यांनी हिला जवळ ओढलं आणि मी कधी पाहिलं नव्हतं इतक्या मोकळेपणी रडल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि जमिनीची मला चांगली माहिती असूनही जागा सापडेना.

विगवाल्या बाईंनी तो काळाभोर विग माझ्यासमोर उचलला, कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. "हा ज्यांचा आहे त्यांच्यासाठीच राहणार."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"आणि सरळ सांगायला काय झालं होतं? तुमच्यासारखे महिन्याला तिघं-चौघं येतात. सगळे 'बायकोसाठी' म्हणतात. मी कुणाला काही बोलत नाही, गपचूप त्यांच्याच मापाचा देते. आजवर विश्वास बसला तो एकट्या तुमच्यावर!"

सासूबाईंनी डोळे पुसले आणि वर्गावर आल्यासारख्या माझ्याकडे वळल्या. "कपडे कसले? शिवून घेता?"

"स्वतः शिवतो."

"कॉलर असते?"

"असते."

"कॉलर बसवायला अवघड. मला कधी नीट जमली नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि टाचांच्या चपला घालून चालता येतं?"

"ड्रॉइंगरूमपर्यंत."

"मला तेवढंही येत नाही." त्यांनी मोकळ्या मानेवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. "काय हलकं वाटतंय गं! पन्नास वर्षं हे ओझं कशाला वागवलं मी?" मग त्यांनी वेणी उचलून विगवाल्या बाईंच्या पुढ्यात ठेवली. "हे केस माझे आहेत, कुणाला द्यायचे ते मी ठरवणार. यांच्या डोक्याला बांधा."

"आई, नको!" मी कळवळून म्हणालो. "मी तुम्हाला फसवलंय. हे तरी आजारी बाईच्या कपाटात जाऊ दे."

"पांढऱ्या केसांना तिथं कुणी हात लावत नाही," विगवाल्या बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी बांधते. पण मजुरी पूर्ण घेईन आणि सुट्टीच्या दिवशी येऊन जाळी कापायला मदत करायची. मापं बरी घेता तुम्ही."

मी कबूल केलं. सलग पाच रविवार जाळी कापली. एका विगात किती गाठी असतात ते विचारलंत तर आता मला सांगता येईल, पण डोळे दुखतात.

विग घरी आला त्या दुपारी सासूबाई मुद्दाम आल्या होत्या. ही चहा टाकत होती. मी आत जाऊन निळा ड्रेस घातला, सँडल घातल्या, विग नीट बसवला. खांद्यावर रुपेरी केस आले. तेच वजन, त्याच गुदगुल्या. किती वर्षं जिची वाट पाहिली होती, ती बाई आता मला भेटणार होती.

मी आरशासमोर गेलो, वर पाहिलं, तर आरशात निळ्या ड्रेसमध्ये साक्षात सासूबाई! मी झटकन सरळ उभा राहिलो.

"या ना, आई," मी म्हणालो. "बसा."