झेंडूची गोणी शाळेत जाते

गोरक्षने ठरवलं, सभेत दोन शब्द बोलायचे. फक्त दोन. (दोन शब्द बोलतो म्हणून उभा राहिला आणि दोनच बोलून बसला, असा माणूस मखमलाबादच्या शिवारात तरी अजून जन्मायचा आहे.) एरवी गोरक्षचा आणि सभांचा काही संबंध नव्हता. तो बरा, त्याचं दीड एकर झेंडूचं रान बरं आणि पंचवटीतला फुलबाजार बरा. पण या वेळी गोष्ट घरापर्यंत आली होती. त्याची मुलगी दिशा ज्या हायस्कूलमध्ये नववीत शिकत होती, त्या हायस्कूलची वेळ सकाळी सातची साडेनऊ करायचं घाटत होतं, आणि त्यासाठी पालकांची सभा बोलावली होती.

आता शाळा उशिरा भरली तर याच्या पोटात का दुखावं? तर त्याचं असं होतं. रोज दिवस उगवायच्या आत गोरक्ष मोटारसायकल काढायचा. पुढे टाकीवर फुलांची गोणी, मागे दिशा. पंचवटीत फुलं उतरवायची आणि मग पूल ओलांडून गंगेपलीकडे, शाळेच्या फाटकाशी दिशाला. (नाशिकमध्ये गोदावरीला गंगा म्हणतात. नकाशात काहीही छापलेलं असो.) दिवसभरात बापलेकीची निवांत गाठ पडायची ती एवढीच. दुपारी तिचा क्लास, संध्याकाळी याचं पाणी भरणं, आणि रात्री हा ताटावरच पेंगायचा. त्यामुळे गप्पा काय त्या गाडीवरच. कुठल्या वर्षी थंडीने फुलं काळी पडली, त्याच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, पहिली सायकल कशी घेतली, आयुष्यात माणसाने कसं वागावं, असं सगळं तो तिला सांगायचा.

आणि दिशा काय ऐकायची! मध्ये बोलणं नाही, उलट उत्तर नाही. "लोकांची पोरं ऐकत नाहीत म्हणतात," तो बायकोला कौतुकाने सांगायचा, "आपली बघ. शब्दन्‌शब्द ऐकून घेते." छाया यावर भाकरी थापता थापता गालातल्या गालात हसायची. ते हसूही गोरक्षला कौतुकाचंच वाटायचं.

फुलबाजार काही साडेनऊपर्यंत थांबणार नव्हता. म्हणजे शाळेची वेळ बदलली की फुलं एकटी जाणार आणि दिशा मैत्रिणींबरोबर रिक्षाने. गप्पा संपल्या. गोरक्षने विचार केला, असं होऊ द्यायचं नाही.

सभेत रूपाली मॅडमनी आधी बाजी मारली. दिशाच्या वर्गातल्या साईच्या या आई. त्यांनी भिंतीवर पडदा लावून किशोरवयीन मेंदूचं रंगीत चित्रच दाखवलं. "या वयातल्या मुलांना पहाटेची झोप लागते. त्या झोपेतून ओढून आपण त्यांना वर्गात नेऊन बसवतो. तिकडे निफाडला द्राक्षं थंडीने गारठली की बागायतदार रात्रभर शेकोट्या पेटवतात. मग आपली मुलं काय लोखंडाची आहेत?"

लगेच गलका झाला. कुणी म्हणालं, दुपारी याच इमारतीत प्राथमिक शाळा भरते, ती काय गच्चीवर भरवायची? रिक्षावाल्यांचे प्रतिनिधी म्हणाले, साडेनऊला रस्ता जाम असतो, एकाच्या दोन फेऱ्या होतील, पैसे वाढतील. शेतकरी पालक म्हणाले, पोरं दुपारी घरी आली तर जुड्या बांधायला हात लागतो, संध्याकाळी आली तर काय अंधारात बांधायच्या? आणि एक गृहस्थ नुसतंच "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणून खाली बसले.

तेवढ्यात गोरक्ष उठला.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, आणि इथे त्याचे ठरलेले शब्द संपून वर एक जास्त झाला होता. पण मग त्याला आण्णा आठवले. आण्णांची काळी सायकल आठवली. पुढे दांडीला टांगलेली गुलाबाची पाटी, तिच्यावर ओलं फडकं, मागे कॅरियरवर दप्तर पोटाशी धरून बसलेला तो. तेव्हा मखमलाबादपासून पंचवटीपर्यंत मळेच मळे होते. गुलाबाला वास होता. रामाच्या देवळातली घंटा ऐकू यायची, इतका रस्ता शांत होता. "आण्णा सायकल हाणत मला एकेक गोष्ट सांगायचे," गोरक्ष म्हणाला, "शाळेत जे शिकलो ते विसरलो, पण त्या सायकलवर जे शिकलो, त्या शिदोरीवर आजवर जगतोय. आज माझी लेक माझ्या मागे बसून तशीच ऐकते. साडेनऊची शाळा केलीत, तर ही शाळा बंद पडेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले. (त्यांचं कुणीही या शाळेत नव्हतं. ते चहासाठी आले होते.) सभा सरळ दोन तुकड्यांत फुटली. शेवटी मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. सोमवारपासून आठवडाभर हायस्कूल साडेनऊला भरवून बघायचं, प्राथमिकचे वर्ग तेवढ्यापुरते मैदानातल्या मांडवात, आणि शनिवारी मतदान. सगळे जाताना गोरक्षच्या पाठीवर थाप मारून गेले. त्याला वाटलं, आपण जिंकलोच.

सोमवार उजाडायच्या आत तो उठला. थंडी मी म्हणत होती. दिशा गोधडीत गुडूप झोपलेली होती. तिच्याकडे बघून गोरक्षला भरून आलं. (खरं तर त्याला तिला उठवावंसं वाटलं. पण छाया जागी होती.)

"मागची जागा रिकामीच आहे, तर अजून एक गोणी न्या," छाया म्हणाली आणि तिने झेंडूची भरलेली गोणी मागच्या सीटवर करकचून बांधली. "दोन्ही फुलबाजारातच मंगलाबाईंकडे उतरवा. ऐकलं का?"

"हो, हो," गोरक्ष म्हणाला. मफलर कानावरून असल्यावर तो सगळ्याला हो म्हणतो.

गाडी निघाली. पहिल्याच खड्ड्यात मागची गोणी पुढे सरकून त्याच्या पाठीला टेकली. मऊ, उबदार आणि अगदी ओळखीच्या वजनाची. धुकं होतं, डोळ्यांवर झोप होती, रस्ता रोजचा होता. गोरक्ष बोलायला लागला.

"परवा सभेत तुझा बाप बोलला, कळलं ना? सगळे गप्प झाले. म्हणून म्हणतो, बोलताना घाबरायचं नाही. खरं की नाही?"

मागून उत्तर आलं नाही. रोज तरी कुठे यायचं?

पंचवटीत त्याने पुढची गोणी उतरवली आणि मागे वळून न बघताच म्हणाला, "बस, बस, उतरू नको, आलोच." मंगलाबाईंनी ते ऐकलं, पण हल्ली लोक कानात काहीबाही घालून एकटेच बोलतात, तशातलं काहीतरी असेल म्हणून त्या आपल्या हार ओवत राहिल्या. गोरक्षने गाडीला किक मारली आणि पूल ओलांडला. पुलावर त्याने गंगेला हात जोडले आणि मागे सांगितलं, "पाया पड." उतारावर गणिताचं महत्त्व सांगून झालं. शाळा आली तेव्हा तो, रागाच्या भरात मैत्रिणीशी अबोला धरू नये, या विषयावर होता.

फाटकाशी त्याने पाय टेकले. "उतर गं. डबा घेतलास ना? आणि उत्तरं देताना जरा मोठ्यांदा दे."

कोणी उतरेना.

"दिशा, उतर! उशीर होतोय."

फाटकात शिपाई हिरामण स्वेटरात हात घालून उभा होता. तो सावकाश पुढे आला. गोणीला एक प्रदक्षिणा घातली. मग अदबीने म्हणाला, "गोरखभाऊ, हिला कोणत्या वर्गात बसवू?"

गोरक्षने मागे बघितलं. गोणीच्या तोंडातून झेंडूचं एक फूल त्याच्याकडे बघत होतं.

नशीब असं की नेमक्या त्याच वेळी रूपाली मॅडम तिथून चालल्या होत्या. (मुलांना पहाटेची झोप किती आवश्यक आहे, हे सांगणारी ही बाई स्वतः रोज पहाटे गोदाकाठी पाच किलोमीटर चालते.) त्यांनी सगळं ऐकलं होतं. "डबा" पासून पुढचं तर नक्कीच.

गोरक्ष घरी आला तेव्हा दिशा नुकतीच उठून, पाय उन्हात सोडून, ओट्यावर चहा पीत बसली होती. चेहरा कसा टवटवीत. त्याने घडलेलं सांगितलं तशी छायाच्या हातातलं उलथनं खाली पडलं. ती भिंतीला धरून हसत होती.

"पण मला कळलं कसं नाही?" गोरक्ष म्हणाला. "इतका वेळ मी बोलतोय, आणि माणूस मागे आहे की गोणी, हे कळू नये?"

"कसं कळणार पप्पा," दिशा म्हणाली, "मी पण झोपलेलीच असते ना."

"केव्हा?"

"रोज. तुम्ही कोपऱ्यावर वळलात की झोपते, ते फाटकापाशी उठते. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

गोरक्षने तिच्या गालाकडे बघितलं. मग मागे दिशाच्या गालावर रोज सकाळी लाल रेघ उठायची, म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं होतं ते? ती त्याच्याच जॅकेटच्या शिवणीची होती! आणि बिचारी महिनाभर मलम लावत होती.

आत धान्य पाखडत बसलेल्या रंगूबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, सूप खाली ठेवलं. "आरं, तिला काय म्हणतो? तू तरी जागा ऱ्हायचा का सायकलवर? तुझे आण्णा मारे बोलत जायचे अन् तू मागं डाराडूर! एकदा तर तुझी एक चप्पल रस्त्यात पडली, तुला पत्ता नाय. घरी येऊन मला म्हणले, पोरगं लय गुणाचं हाय, सगळं ऐकून घेतं."

गोरक्षने आठवायचा प्रयत्न केला. आण्णा नक्की काय सांगायचे? भर सभेत ज्या शिदोरीवर टाळ्या घेतल्या, तिच्यातलं एक वाक्य? एकही आठवेना. आठवला तो आण्णांचा सदरा. घामाचा आणि गुलाबाचा मिळून येणारा वास. चढावर त्यांची पाठ कशी हलायची, आणि त्या पाठीला गाल लावला की थंडी कशी वाजायची नाही. आण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या सकाळी गोरक्षला त्यांची फार आठवण आली. वाईटही वाटलं. मग वाटलं, पोरगी निदान आपल्या पाठीवर निर्धास्त झोपत होती, हे काही कमी नाही. त्याने गुपचूप नाक पुसलं आणि छायाकडे चहा मागितला.

शनिवारी सभागृह भरलं. रूपाली मॅडमनी आज पडदा लावलाच नाही. "झोप पुरी झाली नाही की काय होतं, हे मी चित्रात दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "अपुऱ्या झोपेने माणूस फुलांच्या गोणीला डबा घेतलास का विचारतो. पुरावा आपल्यातच बसलेला आहे." सगळं सभागृह मागे वळलं. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी पुन्हा डोळे पुसले, पण या वेळी हसून.

गोरक्ष उठला. या वेळी मात्र तो खरोखर थोडकंच बोलला. "माझा विरोध मागे. पोरांना झोपू द्या." मग खाली बसता बसता म्हणाला, "अडचणी आहेत, त्या मोठ्यांनी वाटून घेऊ. माझ्याकडून मांडवाला झेंडूच्या माळा."

ठराव मंजूर झाला. आणि गोरक्षने मनाशी आणखी एक ठराव मंजूर केला. फुलं पहाटे पोचवायची, घरी यायचं, आणि दिशाला पुन्हा दुसऱ्या फेरीने स्वतःच सोडायचं. पेट्रोल जळालं तर जळो. मैत्रिणी रिक्षाने जाईनात का! उलट आता पोरगी झोप पूर्ण होऊन बसणार, म्हणजे इतक्या वर्षांचं वाया गेलेलं सगळं पहिल्यापासून सांगता येईल.

सोमवारी ऊन पडल्यावर दोघं निघाले. मागे दिशा ताठ बसलेली. गोरक्षने गाडी सावकाश चालवली आणि आण्णांनी सायकल घेतली तिथून सुरुवात केली. मखमलाबाद संपेपर्यंत सायकलचं मॉडेल ठरलं. पंचवटी कारंज्यापर्यंत दुकानदाराशी घासाघीस झाली. पुलावर गर्दीत गाडी अडकली तेव्हा आण्णा नुकतेच सायकलला हार घालत होते, आणि गोरक्ष आपलं, "खरं की नाही?" असं विचारत होता.

"खरंय," मागून स्पष्ट उत्तर आलं.

गोरक्षला काय आनंद झाला! जन्मात पहिल्यांदा मागून उत्तर आलं होतं. "मग? कसं वाटतंय जागेपणी?"

दिशाने पुढे वाकून अगदी हळू, बापाला वाईट वाटू नये अशा बेताने विचारलं, "पप्पा, ती सातची शाळा परत नाही का हो करता येणार?"