साळवेकाकांची पदकं

साळवेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी माणसाकडे नाही, दाराच्या चौकटीकडे बघतात. नमस्कार-चमत्कार नंतर. चौकटीवर काही दिसलं नाही की चेहरा असा करतात की घरमालकाला आपण छप्पर घालायला विसरलो की काय अशी शंका यावी. "काहून रे? दार असंच उघडं ठेवलं?" म्हणत ते शर्टाच्या खिशातून संत बेनेडिक्टचं पितळी पदक, एक खिळा आणि बोटभर हातोडी काढतात. परवानगी मागण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत.

माझ्या नव्या स्कूटरसमोर आई नारळ फोडायला उभी होती, तेव्हा सीटखालून दोन पाय बाहेर आले होते. ते काकांचे. पदक तारेनं बांधून झाल्यावर उठले आणि आईला म्हणाले, "आता फोडा, वहिनी. आतलं काम झालं."

प्रांतांची वाटणी होऊन नागपूर महाराष्ट्रात गेलं, तेव्हा आमचे वडील कचेरीपायी जबलपुरातच राहिले आणि साळवेकाका कारखान्यातल्या फिटरच्या नोकरीपायी. अधारतालच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. एक आमचं आणि दुसरं काकांचं, कॅथलिक. भाषेच्या नात्यानं ते माझे काका झाले आणि त्याच हक्कानं आमच्या खिडक्याही त्यांनी ताब्यात घेतल्या.

पदक ते विकत नाहीत. आशीर्वादाची वस्तू विकली की आशीर्वाद उतरतो, हा नियम. गठ्ठ्यानं मागवायची, फादरकडून त्यांवर प्रार्थना म्हणून घ्यायची आणि फुकट वाटायची. पदकावर काय आहे, हे मात्र ऐकून घ्यावंच लागतं. दाढीवाला संत, एका बाजूला साप निघणारा पेला, दुसऱ्या बाजूला कावळा. बेनेडिक्ट शिस्तीला इतका कडक, की त्याच्याच मठातल्या साधूंनी वैतागून त्याला विषाचा पेला दिला. त्यानं क्रूसाची खूण केली आणि पेला तडकला. पुढं कोणीतरी विषारी भाकर दिली, तर कावळ्यानं ती उचलून नेली. काका हे सांगताना गहिवरतात. मी काकांना ओळखत असल्यामुळे मला त्या साधूंची कीव येते.

कारण काका स्वतः मठाच्या नियमानं राहतात. ठरल्या वेळी घंटा, ठरल्या वेळी काम, ठरल्या वेळी मौन. जेवताना बोलायचं नाही, एकानं धर्मग्रंथ वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं. काकू गेल्यापासून घरात बाकीचे कोणी नाहीत, म्हणून वाचायचं आणि ऐकायचं अशी दोन्ही कामं काकांच्याच अंगावर पडलेली. एक घास, एक ओळ. वरण निवून जातं, पण नियम मोडत नाही.

गल्लीनं पदकं घेतली ती आपल्या पद्धतीनं. समोरच्या दुबेजींनी आपल्या दारावर ठोकलेलं पदक पाहिलं. ओतकामात क्रूस बुजून नुसता दांडा झालेला, चेहरा रागीट, शेजारी कावळा. दुबेजींची साडेसाती चालू होती. त्यांनी शनिमहाराज ओळखले आणि दर शनिवारी तेल वाहायला सुरुवात केली. महिन्याभरात गल्लीतल्या चार बायकाही वाटी घेऊन येऊ लागल्या.

काका तडकले. "दुबेजी, तेल काहून घालून राहिले? ये शनि नहीं, संत हैं."

"अंकलजी, नाराज काहे होते हैं," दुबेजी शांतपणे म्हणाले. "घुटने का दर्द तो गया."

काकांनी क्षणभर विचार केला. "अच्छा? कोणता गुडघा?" एवढंच विचारून ते घरी आले आणि ती गोष्ट फादरना अभिमानानं सांगितली. तेलाचा भाग वगळून.

सगळ्या जबलपुरात पदकं ठोकत हिंडणाऱ्या या माणसानं एकाच दारात पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, आणि ते दार जबलपूरबाहेर शहपुऱ्याला त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं होतं. स्टेलानं तिथल्या एका बियाण्यांच्या दुकानदाराशी, पटेल नावाच्या मुलाशी, कचेरीत जाऊन लग्न केलं. काका चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तिच्या उंबऱ्यावर माझा पाय पडणार नाही." बोलले ते बोलले. त्याला आता पाच वर्षं झाली होती. मला त्यांचा राग यायचा, पण ते सांगायची हिंमत होत नव्हती.

एकदा मला कामानं शहपुऱ्याला जायचं होतं. हे कळताच काका घरात आले, दार लावलं आणि माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली.

"विनू, हे स्टेलाच्या दाराला. फक्त तुलाच सांगून राहिलो. मी पाठवलं म्हणायचं नाही. म्हणायचं, सहज आलो होतो."

एवढ्या मोठ्या गुपिताचा मी एकटा धनी, या विचारानं मी शहपुऱ्यापर्यंत छाती फुगवून गेलो.

स्टेलानं दार उघडलं, माझ्या हातातली पुडी बघितली आणि म्हणाली, "सहज आला असशील ना?"

चौकटीवर पदक होतं. दोन्ही खिडक्यांवर होतं. स्वयंपाकघरात, दुकानाच्या तराजूवर, पाण्याच्या टाकीवर. अंगणात बांधलेल्या वासराच्या गळ्यातही एक होतं.

"तराजूचं दुबेअंकल घेऊन आले," ती म्हणाली. "टाकीवरचं गल्लीतल्या कंपाउंडरनं. वासराचं तुझ्या आईनं दिलं, मागं इथं एका लग्नाला आल्या तेव्हा. सगळे सहजच आले होते, आणि सगळे म्हणाले, कोणाला सांगू नको."

म्हणजे अख्खी गल्ली एकमेकांपासून एकच गुपित लपवत होती. माझी आईसुद्धा. मी हसायला लागलो. स्टेला हसली नाही.

"या सगळ्यांवर फादरचा आशीर्वाद आहे, विनूभैया. माझ्यावर बाबांचा कुठे आहे? हे परत ने. सांग त्यांना, आता पदक नको." तिनं पुडी माझ्या खिशात घातली आणि चहा टाकायला आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते.

संध्याकाळी मी काकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, चिडतील. ते पुडीकडे बघत राहिले.

"रागात होती?"

"हो."

"रागात असेल तर बरं आहे," काका म्हणाले. "मला वाटून राहिलं होतं, विसरली." मग त्यांनी शहपुऱ्याची पहिली बस कितीची असते ते विचारलं.

सकाळी त्यांना सोडायला गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण त्याचा खिसा सपाट दिसला. मी विचारलं, "पदक घेतलं नाही?"

"नाही." ते बसच्या पायरीवर थांबले. "विनू, डोक्यावर हात ठेवू देईल ना रे ती?"

"देईल, काका."

ते आत जाऊन खिडकीपाशी बसले. मी हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बस सुटेपर्यंत ते आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होते.