चौथा पाय कुठाय?

मुळे सर धाडकन पडले की आमच्या शाळेत कुणी उचलायला धावत नाही. सातवीची पोरं आधी वही काढतात आणि लिहितात, "सर डाव्या अंगाला पडले. कारण : खिळा आखूड." मग उचलतात.

सर कार्यानुभव शिकवतात आणि मी शेजारच्या वर्गात मराठी. इतर शाळांत कार्यानुभव म्हणजे आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि त्यावर भरपूर चमकी. आमचे सर मोडक्या बाकांच्या फळ्यांतून पोरांकडून खरंखुरं स्टूल, गाडा, कोंबड्यांचं खुराडं करून घेतात. आधी आराखडा, मग मापं, मग करवत. आणि परीक्षा एकच : केलेल्या वस्तूवर सर स्वतः बसणार. अहो, खुराड्यावरसुद्धा! "मी पडेन, तुम्ही शिकाल," हे त्यांचं पालुपद. कमरेला पट्टा, कपाळावर टेंगूळ, तरी जमिनीवरूनच विचारणार, "झकास मोडलं! आता सांगा, का मोडलं?"

आमच्या हेडसरांना या पडापडीचा भारी वैताग. शाळेला हत्यारांचं नवंकोरं कपाट मिळालं तेव्हा त्यांनी त्याला हार घातला, फोटो ग्रुपवर टाकले आणि कुलूप लावलं. वापरली की हत्यारं खराब होतात ना! मुळे सर आपली घरची करवत सायकलीला बांधून आणतात.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं तर विचारूच नका. आमच्या पाथर्डीकडे उन्हाळ्यात माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, पण प्रदर्शनात दर शाळेचं थर्माकोलचं एक धरण, तेही तुडुंब! नगरहून आयतं आणायचं, पोरांनी पाठ केलेलं घडाघडा म्हणायचं, परीक्षकांनी चहा घेत माना डोलवायच्या.

आणि मुळे सरांच्या फळीवर बघावं तर एक वस्तू धड नाही. कुणाच्या खुराड्याला दार नाही. रेखा नावाच्या मुलीनं हंडे वाहायला गाडा केला होता, त्याला एक चाक नाही. मला वाटायचं, माणूस विसरभोळा, ठेवत असेल कुठंतरी.

गेल्या वर्षी त्यात आश्विनीच्या स्टुलाची भर पडली. तिच्या आईचे गुडघे धरलेले, चुलीपुढं खाली बसवेना. पोरीनं आईला उभं करून सुतळीनं गुडघ्याची उंची मोजली आणि बरोबर तेवढं स्टूल आखलं. तीन पाय बसले, तेवढ्यात दसरा झाला. मुकादमाचा ट्रक आला आणि आई-बापाबरोबर आश्विनी ऊसतोडीला गेली. आमच्याकडे वर्ग असा दर वर्षी अर्धा होतो.

हेडसरांना नेमकं तेच स्टूल प्रदर्शनाला हवं होतं. 'कन्येची मातेस भेट' अशी पाटीसुद्धा रंगवून झाली होती.

"मुळे, चौथा पाय कुठाय?"

"इथं नाही."

"हरवला ना? दुसरा ठोका! सुतार बोलवा!"

"पाय तिचा आहे. ती येईल, ती ठोकेल."

हेडसरांनी लेखी खुलासा मागवला. मीही सरांना झापलं, "निवृत्तीला आलात, आता कशाला उगाच वाकड्यात शिरता?" त्यावर हा माणूस हळूच म्हणाला, "बाई, येईल ना हो ती?"

गेलेल्या सगळ्याच मुली परत येत नाहीत. एखादीचं तिकडंच लग्न उरकतात.

प्रदर्शनात आमचंही धरणच गेलं.

एप्रिलमध्ये एका सकाळी आश्विनी सरांच्या वर्गाच्या दारात उभी. उन्हानं रापलेली, हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. तिनं पिशवीत हात घातला आणि धुरानं काळवंडलेला लाकडी पाय बाहेर काढला.

"आई म्हनली, लई थंडी हाय, घाल चुलीत. म्या न्हाई दिला, सर. उशाला घेऊन झोपायची."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कसला विसरभोळा! जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात हा माणूस त्याच्याच वस्तूचा एक तुकडा देत होता. उरलेलं शाळेत आहे, ते जोडायला परत यायचं!

आश्विनीनं पाय ठोकला. पोरांनी वह्या उघडल्या. सर बसले. स्टूल साधं करकरलंही नाही. पोरं वाट बघून कंटाळली, पण सर काही उठेनात.

"सर, उठा की," आश्विनी म्हणाली. "आईला न्यायचंय."

सर उठले. "डोळ्यात भुसा गेला," म्हणत त्यांनी फडकं घेतलं, डोळे पुसले आणि त्याच फडक्यानं फळीवरचा रेखाचा गाडा पुसायला लागले. रेखाला ऊसतोडीला जाऊन तीन वर्षं झाली. हेडसरांनी तो गाडा दोनदा भंगारात काढला, दोन्ही वेळा सरांनी परत आणला.

आश्विनी स्टूल उचलून निघाली, तशी सरांनी तिला हाक मारली.

"तिकडं फडावर कुठं चाक दिसलं का गं एखादं? लाल रंगाचं?"

"न्हाई सर."

"बरं," म्हणाले, आणि गाडा होता तिथंच ठेवला.